भिंतीकडची जागा

“काय गं, डीलिया लाथा मारतेय का आज?” आईनं फोनवर विचारलं आणि नगरभवनाच्या पायऱ्या चढता चढता मी कठडा धरून उभी राहिले. मागून येणारा माणूस धडकता धडकता वाचला. आधी वैतागला, मग माझ्या पोटाकडे बघून दोनदा माफी मागून गेला. तिकडे आईनं कप बशीत ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे ती स्वयंपाकघरात ऊब देणाऱ्या रेडिएटरला पाय लावून निवांत बसली होती, आणि तिच्या लेखी तिनं काहीच वावगं विचारलं नव्हतं. पोटातल्या पोरीनं नेमकी तेव्हाच लाथ मारली. उजव्या बरगडीखाली, चांगली जोरात. मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिला आयतंच मिळालं असतं: बघ, नावाला ओ देते. “आई, ही डीलिया नाहीये,” मी म्हटलं. “मग कोण आहे?” “अजून कुणी नाही.” “ऐका! आठवा महिना सरत आला आणि म्हणे कुणी नाही. नुआला, बिननावाचं पोटात बाळगू नये गं.” मी फोन बंद केला. कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. वारा बोचरा आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं; पण खरं तर मला भीती वाटली होती, साधी, लहान मुलाला अंधाऱ्या जिन्याची वाटते तशी.

डीलिया माझी पहिली मुलगी. तीन वर्षांपूर्वी याच नोव्हेंबरात झाली आणि दोन आठवडेही राहिली नाही. काळजाला छिद्र होतं. तिचा वास मला अजून येतो, दवाखान्याच्या साबणाखालचा तिचा स्वतःचा, किंचित आंबूस, गरम. कुशीत फारशी घेताच आली नाही. बहुतेक वेळ ती काचेच्या पेटीत असायची आणि मी बाजूच्या भोकातून बोट आत घालून बसायची. ते ती धरायची. दफनाच्या दिवशी आई गाडीतून उतरलीच नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. नंतरही टेकडीवरच्या त्या दफनभूमीत ती कधी आली नाही, आणि ते नावही तिनं तोंडातून काढलं नाही, थेट या उन्हाळ्यापर्यंत. या खेपेलाही मुलगीच आहे असं कळलं त्या संध्याकाळी तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “आली बाई परत.” माझा नवरा विन्स हसला. त्याला वाटलं, सासूबाई मायेनं म्हणताहेत. मायेनंच म्हणत होती, हीच तर पंचाईत. मायेनं म्हटलेल्या गोष्टीला नाही म्हणायला तोंडात शब्द नसतात. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की माझ्या पोटात एक खोली आहे, तिथं कुणाचे तरी कपडे आधीच टांगलेले आहेत आणि जी कुणी नवीन पोर येतेय तिनं ते मुकाट्यानं घालायचे आहेत.

हे नाव आमच्याकडे पणजीपासून आलं. पणजी म्हणजे आईच्या वडिलांची आई, डीलिया टूल, माहेरची मॅकहेल. मेयोच्या समुद्राकाठच्या कुठल्याशा खडकाळ गावातून ती समुद्र ओलांडून या वूस्टर शहरात आली, एका गिरणीवाल्याच्या बंगल्यात मोलकरीण म्हणून राहिली, मग टूलशी लग्न करून या तीन मजली लाकडी घरांच्या वस्तीत म्हातारी झाली. बाप्तिस्म्याचं नाव ब्रिजेट. त्या काळी शहरातल्या झाडून सगळ्या मालकिणींना आपल्या मोलकरणीचं नाव ब्रिजेटच वाटायचं, टिंगलीच्या चित्रांतसुद्धा झाडू घेतलेली बाई ब्रिजेटच असायची. त्याला कंटाळून निम्म्या ब्रिजेट डीलिया होऊन बसल्या. आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, डीलिया म्हणजे ब्रिजेट. म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला. मरताना म्हातारीनं आईचं मनगट धरून सांगितलं होतं, “ब्रिजेटला एकटी ठेवू नका.” आई तेव्हा आठ वर्षांची. मेलेल्या माणसाला मातीत जाईपर्यंत एकटं ठेवायचं नाही ही आमची रीतच, तेव्हा मोठ्यांना वाटलं म्हातारी त्याबद्दलच बोलतेय, आणि ते रात्रंदिवस पाळीपाळीनं शवापाशी बसून राहिले. आईनं मात्र त्याचा अर्थ मनाशी वेगळा लावला: माझं नाव रिकामं ठेवू नका. माझं नाव डीलिया ठेवायचं तिच्या फार मनात होतं, पण बाबांनी त्यांच्या आईचं नाव पुढं केलं आणि मी नुआला झाले. ते तिला आयुष्यभर टोचत राहिलं. माझ्या पहिलीला ते नाव मिळालं तेव्हा ती सुटल्यासारखी रडली होती. आणि मग पोर गेली. नाव पुन्हा रिकामं.

मृत्युपत्रातही म्हातारीनं ब्रिजेटच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिसा, म्हणजे प्रार्थना, सांगून ठेवल्या होत्या, आणि आमच्या घरात त्याची थट्टा कधी संपली नाही. आजोबा म्हणायचे, आईचा आम्हा पोरांवर काडीचा भरवसा नव्हता, स्वतःची सोय स्वतःच करून गेली. थट्टेला दुसराही विषय होता. म्हातारीला नावानं हाक मारली की ती ओ देण्याआधी खांद्यावरून मागे बघायची, मागे दुसरं कुणीतरी उभं असल्यासारखी. ही खोड आजोबांना लागली, त्यांच्यापासून आईला, आणि आम्ही तिला ‘टूलांची मान’ म्हणून चिडवायचो. शाळेत बाईंनी माझं नाव घेतलं की मीही मागे बघायची आणि सगळा वर्ग हसायचा. आज हसू येत नाही.

मी नगरभवनात कशाला गेले होते, हे कुणी विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. पुरावा हवा होता. म्हातारीनं असलं काही मागितलंच नव्हतं, निदान तिला हे नाव इतकं प्यारं नव्हतं, असं कुठंतरी शाईनं लिहिलेलं सापडेल आणि ते मी आईच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन आपटेन, असं काहीतरी. आईशी वाद घालण्यापेक्षा मेलेल्यांच्या मागे लागणं सोपं होतं. मृत्युपत्राची नक्कल मी आदल्या आठवड्यात कोर्टातून आणली होती, ती पिशवीत होती. आता पणजीच्या मृत्यूचा जुना दाखला मागायचा होता. खिडकीपलीकडे पेग नावाची बाई होती, चष्मा साखळीला लावलेली, बोलायला मोकळी. “कितवं?” तिनं पोटाकडे बघून विचारलं. मी म्हटलं, “आठवा महिना.” “महिना नाही गं, मूल कितवं?” मी म्हटलं, “पहिलं.” असं मी म्हटलं. तोंडातून गेलंही, आणि आतून काहीतरी थंड सरकलं, दार उघडं राहिल्यावर पायांना लागतं तसं. मी मान खाली घालून विनंतीची चिठ्ठी भरली आणि बाकावर जाऊन बसले. वाफेच्या नळांमधून ठकठक येत होती. समोरच्या बाकावर एक मुलगा आणि मुलगी लग्नाच्या परवान्यासाठी बसले होते, एकमेकांचे हातमोजे घालून. मला त्यांचा राग आला. का, ते सांगता येणार नाही.

पेगनं हाक मारली ती हळू. आत्तापर्यंतचा मोकळा आवाज नव्हता. “बाई, हाच का तो? तुम्हाला जुना हवा होता ना?” तिनं कागद पूर्ण माझ्याकडे सरकवला नाही, एका बोटानं धरून ठेवला. डीलिया रोझ फेरांते. फेरांते हे विन्सचं आडनाव. वय: दिवसांच्या रकान्यात. आईचं नाव: माझं. मी शेजारी पडलेली चिठ्ठी पाहिली. अक्षर माझंच होतं, ठसठशीत, जराही न अडखळता लिहिलेलं. मला पणजीचं नाव लिहायचं होतं आणि हातानं मुलीचं लिहिलं होतं. हा दाखला मी कधी पाहिलेला नव्हता. तेव्हा सगळं विन्सनं निभावलं होतं, मला कुणी काही दाखवलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. “बसा आधी,” पेग म्हणाली, “इथं, आत या, खुर्ची आहे. पाणी देते.” मी म्हटलं, “मी मघाशी खोटं बोलले. हे दुसरं आहे.” “हो गं राणी,” ती म्हणाली, “कळलं मला.” मग मला रडू आलं, परवान्यासाठी आलेल्या त्या दोघांच्या देखत, नाक गळेपर्यंत. ती नुसती उभी राहिली, माझ्या पाठीवर हात ठेवून, आणि रांगेतल्या कुणावर तरी खेकसली, “दिसत नाही का? थांबा जरा!”

पणजीचा दाखला तिनं स्वतःहून, नाव विचारून घेऊन, काढून आणला. दोन्ही कागद तिनं एकाच पाकिटात घातले, आणि ते मला बरोबर वाटलं नाही, पण मी पाकीट घेतलं. “नव्वद वर्षं,” ती मला हसवायला म्हणाली, “चिवट बाई दिसते.” बसमध्ये बसल्यावर मला नव्वद या आकड्यावरून केक आठवला. मी काही तो पाहिलेला नाही, आईनं सांगितलेला. दर वाढदिवसाला आजोबा मेणबत्त्या लावायचे आणि म्हातारी फुंकण्याआधी त्यातल्या तीन उपटून बशीत आडव्या ठेवायची. “या माझ्या नाहीत,” म्हणायची. सगळे हसायचे. नखरेल बाई, शेवटपर्यंत वय चोरते. आई म्हणायची, पण ती ते हसत नाही करायची हं, अगदी हळूच उपटायची, केक दुखेल म्हणून जपल्यासारखी. बस टेकडी चढत होती, काच माझ्या श्वासानं धुरकटली होती, आणि मी विचार करत होते: वय चोरायचं तर बाई दहा वर्षं चोरेल. तीनच का? आणि दर वर्षी तीनच का?

घरी आल्यावर कोट न काढताच मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. मेयोतल्या त्या गावाच्या चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक आता संगणकावर पानं उलटून बघता येतं. पानांवर ओल चढलेली, फादरचं अक्षर मुंग्या फिराव्यात तसं, आणि सगळी नावं लॅटिनमध्ये, त्यामुळं गावच्या साध्यासुध्या पोरी तिथं परक्या देशाच्या राण्या वाटतात. ब्रिजिडा, बाप मार्टिन मॅकहेल, आई ओनोरा, सन अठराशे अडुसष्ट. ही नोंद आईच्या एका चुलतभावानं कधीच शोधून ठेवली होती. घरात सगळ्यांना पाठ. बाकीचे सगळे इथंच थांबले होते. हवं ते सापडल्यावर कोण पुढं जातं? मीही थांबले असते. पण मला उठवत नव्हतं, पाय सुजले होते, आणि पाकीट टेबलावर पडलं होतं ते उघडायचं नव्हतं, म्हणून मी नुसती पानं उलटत राहिले. एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तरच्या शरद ऋतूत, डाग पडलेल्या एका पानाच्या तळाशी: ब्रिजिडा, बाप मार्टिन मॅकहेल, आई ओनोरा. गाव तेच. धर्ममाताही तीच बाई.

मला वाटलं, मी चुकून मागच्या पानावर गेले. परत पाहिलं. मग मी सरकारी मृत्युनोंदी उघडल्या, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला, जानेवारीच्या थंडीत, ती सापडायला वेळ लागला नाही. ब्रिजेट मॅकहेल, कोळ्याची मुलगी, वय दोन वर्षं, घशाचा खोकला. खबर देणारा बाप, त्याच्या नावापुढं सहीऐवजी फुली. फुलीची एक रेघ लांब गेलेली, हात घसरल्यासारखी. थोरली गेली होती, आणि वर्ष सरायच्या आत धाकटी आली तेव्हा त्यांनी तेच नाव तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, कारण ते ओनोराच्या आईचं नाव होतं आणि तसं नाव रिकामं ठेवायची त्यांच्यात रीत नव्हती. त्यांचं तरी काय चुकलं? घरात एकच ब्लँकेट असेल तर ते पुढच्या मुलाला घालतातच. मी पिशवीतून मृत्युपत्र काढलं. आठवड्याभरात मी ते दहा वेळा वाचलं असेल, आणि थट्टा कानात असल्यामुळं डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. ब्रिजेट मॅकहेल हिच्या आत्म्यासाठी. टूल नव्हे. साठ वर्षं टूल असलेल्या बाईनं स्वतःसाठी मिसा सांगताना माहेरचं आडनाव कशाला लिहिलं असतं? ती स्वतःबद्दल बोलतच नव्हती. अडुसष्ट ते एकाहत्तर, म्हणजे तीन मेणबत्त्या, मागे वळणारी मान, मनगट धरून सांगितलेलं ते वाक्य. जिला तिनं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, जिच्या जागेवर ती सबंध आयुष्य बसून होती, तिच्याबद्दल ती बोलत होती, आणि आम्ही हसत होतो.

आई दोन गल्ल्या पलीकडे राहते. मी गेले तेव्हा ती ब्राउन ब्रेड कापत होती. रेडिएटरवर पांढरी शाल वाळत घातली होती, तिनं स्वतः विणलेली, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं ‘डी’ काढलेला. ती शाल मी ओळखली. दवाखान्यातून परत आलेली. “वापरलीच नाही म्हटलं तरी चालेल,” आई माझी नजर बघून म्हणाली, “फेकायची का? कोमट पाण्यात धुतली, बघ कशी मऊ झाली.” मला ओरडायचं होतं. पण मी बसले आणि तिला सगळं सांगितलं, पान, डाग, फुली, मॅकहेल. तिनं मध्ये मध्ये ब्रेड कापणं चालू ठेवलं, आम्हा दोघींना आठवडाभर पुरेल इतका. “असल्या नोंदींचं काय सांगावं,” ती म्हणाली. “ते फादर काय शुद्धीवर असायचे? एकच पोर दोनदा लिहिली असेल.” “आणि खोकल्यानं मेली ती?” “मेयोत मॅकहेल काय एकच होते? दगड उचलला की खाली मॅकहेल.” “आई, त्या तीन मेणबत्त्या.” सुरी थांबली.

“तिचा नवरा, माझे आजोबा, मेल्यावर तिनं पेन्शनचा अर्ज केला,” आई म्हणाली. “वयाचा दाखला हवा होता. गावच्या फादरनं पाठवला. माझे बाबा सांगायचे, तिनं तो वाचला, ‘ही मी नव्हे’ एवढं म्हणाली आणि पर्समध्ये घातला. मेणबत्त्यांचं तेव्हापासून सुरू झालं. बाबांना वाटलं, म्हातारी गंमत करते.” तिनं हात पुसले, उगाचच, कोरडेच होते. “मी तिच्याजवळ झोपायचे, नुआला. लहानपणी. पलंग चांगला रुंद होता, पण ती अशी काठावर, पडेल की काय वाटायचं, आणि मला आपल्या पोटाशी घेऊन. मी झोपेत भिंतीकडे सरकले की हळूच ओढून घ्यायची. ‘तिकडे नको गं सोन्या, ती ब्रिजेटची जागा आहे.’ मी म्हणायची, ‘आजी, ब्रिजेट तर तूच!’ तर म्हणायची, ‘असं सगळे म्हणतात खरं.’” आई हसायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. “मला वाटायचं, ती भिंत गार म्हणून ओढते मला.”

मी म्हटलं, “आई, मला माझ्या पोरीला भिंतीकडची जागा सोडून झोपायला लावायचं नाही.” हे मी ठरवून बोलले नव्हते. “आणि माझ्या डीलियाला कुणी उठवून तिची जागा दुसरीला द्यायची, हेही मला चालणार नाही. ती झाली होती. ती माझं बोट धरायची. आज एका बाईनं विचारलं कितवं मूल, आणि मी म्हटलं पहिलं. तुझं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात ते आलं. तू एकदासुद्धा तिच्याकडे गेली नाहीस.” “गुडघा—” “गुडघा नव्हता, आई.” “नव्हता,” ती म्हणाली. “उतरले असते तर खरं झालं असतं गं. गाडीत बसून होते तोवर, मी म्हटलं, असेल अजून. येईल परत.” एवढं बोलून ती उठली, आत गेली, आणि मला वाटलं रुसून झोपली. बाहेर आली ती कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून. “बघतेस काय? चावी घे. अंधार पडायच्या आत जाऊन येऊ.”

टेकडीवर वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. लहान मुलांची ओळ कुंपणाकडेला आहे, दगड लहान, काहींवर कोकरं कोरलेली. गवत ओलं होतं. आई माझा दंड धरून चालत होती, की मी तिचा, ते कळत नव्हतं. दगडापाशी आल्यावर ती नुसती बघत राहिली. मग रुमाल सोडून हातात घेतला. “काय करू?” तिनं विचारलं, अगदी खरंच, काही ठाऊक नसल्यासारखं. “हाक मार,” मी म्हटलं. “माझ्या पोटाला नको. तिला मार.” आईनं घसा साफ केला. एक हात तिनं माझ्या पोटावर ठेवला होता, सवयीनं. “डीलिया,” तिनं हाक मारली. घरात जेवायला बोलवताना मारावी तशी, मोठ्यानं.

पोटात काही हललं नाही. मी श्वास धरून वाट पाहिली, आईच्या तळव्याखाली कातडी ताणलेली, आत ती पोर जागी होती हे मला कळत होतं, दिवसभर मला तिनं सोडलं नव्हतं; पण ती गप्प राहिली. आईनं पुन्हा हाक मारली. पुन्हा काही नाही. तेव्हा आईनं हात हळूच काढून घेतला. “ही ती नाही,” ती म्हणाली, आणि रडली. तीन वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तशी रडली, कठड्यासारखी मला धरून. मीही रडले. पण मला त्या वाऱ्यात, ओल्या बुटांत, किती तरी महिन्यांनी पुरेसा श्वास येत होता.

“मग हिला काय म्हणायचं?” परत निघताना तिनं नाक पुसत विचारलं. “येऊ दे तर खरी,” मी म्हटलं, “तोंड बघून ठरवू.” “तुझ्या सासरचं काहीतरी इटालियन ठेवशील, मला उच्चारता येणार नाही असलं.” “ठेवीन.” “मेली,” आई म्हणाली. फाटकापाशी आल्यावर ती थांबली आणि तिची मान वळली, तीच ती टूलांची मान, खांद्यावरून मागे. हाक कुणी मारली नव्हती. कुंपणाकडच्या त्या लहान दगडाकडे तिनं नीट पाहिलं, आणि रुमाल पुन्हा बांधता बांधता म्हणाली, “येते हं, डीलिया.”